कबरीवरचा दगड आणि रकाना सातवा

वडिलांच्या कबरीवर एक दगड बसवायचा होता. काळा, घडीव, दोन फूट बाय दीड फूट. वर नाव, त्याखाली दोन तारखा आणि त्याखाली पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक वचन. एवढ्या कामाला माणसाला किती दिवस लागावेत? मला सहा वर्षं आणि दोन महिने लागले. तेवढ्या काळात लोणावळ्याच्या आमच्या मंडळीतले दोन पाद्रीसाहेब बदलून गेले, गुड्स ऑफिसात नवा वजनकाटा आला आणि माझ्या डोक्यावरचे केस गेले. दगड काही आला नाही.

मी फिलिप शिरसाट, लोणावळा स्टेशनात गुड्स क्लार्क. माझा स्वभाव गरीब आहे. हे मी सांगतोय असं नाही, माझी बायको रिबेका सोडली तर सगळे सांगतात.

१९३७ सालच्या फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी उपासना संपल्यावर पाद्रीसाहेबांनी कबरस्तान समितीची नोटीस वाचली. ज्या कबरींवर नावाचा दगड नाही त्या ३१ मार्चनंतर बेवारस समजण्यात येतील आणि ती जागा दुसऱ्याच्या दफनासाठी वापरण्यात येईल. मग त्यांनी कबरींचे आकडे वाचले. सात, एकोणीस, तेवीस आणि एकेचाळीस. एकेचाळीस म्हणताच सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघायला लागली. मी गीतांचं पुस्तक उघडून त्यात तोंड घातलं. ते उलटं धरलं होतं, असं रिबेकानं घरी गेल्यावर सांगितलं.

एकेचाळीस म्हणजे शांतवन मास्तर, माझे वडील. चाळीस वर्षं मावळात गावोगाव फिरून त्यांनी मुलांना शिकवलं आणि मोठ्यांना उपदेश केला. त्यांचे दोन मुलगे जिवंत. धाकटा मी. थोरला बार्नबादादा, वडगावला शाळेत हेडमास्तर होऊन निवृत्त झालेला, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आणि असे दोन मुलगे असताना बाप बेवारस ठरणार होता.

आता हे का झालं ते सांगितलं पाहिजे. आमच्या समाजात माणूस गेला की कशानं गेले असं कुणी विचारत नाही. शेवटी काय बोलले, असं विचारतात. साध्या माणसालाही विचारतात, मग चाळीस वर्षं उपदेश केलेल्या माणसानं जाताना काहीतरी ठेवणीतलं म्हटलं असणारच, अशी सगळ्यांची खात्री. १९३१च्या जानेवारीत बाबा गेले तेव्हा ओटीवर जमलेल्या लोकांनी मला विचारलं आणि मी सांगितलं की बाबांनी आयुष्याची शर्यत पुरी केल्याचं वचन म्हटलं आणि डोळे मिटले. लोकांनी माना हलवल्या. एकदोघींनी डोळे पुसले. त्याच वेळी मागच्या अंगणात दुसऱ्या घोळक्याला बार्नबादादा सांगत होता की बाबांनी 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे स्तोत्र म्हटलं आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं दोन्ही घोळके फाटकापाशी एकमेकांना भेटले.

तिथून पुढं जे झालं त्याला मी कलह म्हणणार नाही, कारण आम्ही सुशिक्षित माणसं आहोत. आम्ही फक्त बोलणं सोडलं. मी मंडळीच्या मासिकात बाबांच्या निधनाची हकिकत छापून आणली, शर्यतीसकट. पुढच्या अंकात दादानं दुरुस्ती छापून आणली, मेंढपाळासकट. मंडळीत शर्यतवाले आणि मेंढपाळवाले असे दोन पक्ष पडले. दगडासाठी मी अर्ज केला, दादानं अर्ज केला, आणि दोन्ही अर्ज समितीच्या फायलीत एकावर एक जाऊन पडले.

नोटिशीनंतर दुसऱ्या दिवशी मी समितीचे चिटणीस मिस्टर खंडागळे यांच्याकडे गेलो. हे गृहस्थ कुठल्याशा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी मला बसायला सांगितलं, फाईल सोडली, फाईल वाचली, फाईल बांधली.

"तुमचा अर्ज नामंजूर झालेला नाही," ते म्हणाले. "विचाराधीन आहे."

"सहा वर्षं?"

"विचाराला मुदत नसते. अडचण सातव्या रकान्याची आहे. कबरीवर घालायचं वचन, आणि ते मृताचे अखेरचे शब्द असल्यास तसा उल्लेख. दोन अर्जांत दोन वचनं. माणूस एक, शेवट एक, अखेरचे शब्द दोन कसे?"

"मग बेवारस ठरवणार?"

"मी कोण ठरवणारा? ३१ तारीख ठरवील." मग त्यांना माझी थोडी दया आली असावी. "दोन रस्ते आहेत. एकाच अर्जावर दोघा भावांच्या सह्या आणा. नाहीतर त्या वेळी हजर असलेल्या तिसऱ्या माणसाची साक्ष आणा. दोन्हींपैकी काहीही चालेल. मात्र तीन प्रतींत."

मी कोरे फॉर्म घेऊन घरी आलो. आम्ही रेल्वेच्या चाळीत राहत होतो, आणि चाळीत माणसाला एकट्याला अडचण असू शकत नाही. संध्याकाळपर्यंत ती सगळ्यांची झाली. रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन हौशीराम हातातला कंदील खाली ठेवून माझ्यासमोर बसला.

"सायेब, दगडाला दोन अंगं आसत्यात," तो म्हणाला. "म्होरल्या अंगाला तुमचं वचन घाला, मागल्या अंगाला थोरल्यांचं. फेरी मारली की दोनी वाचून व्हत्यात."

"आणि पुढचं अंग कुणाचं?"

हौशीरामनं बराच वेळ विचार केला. "तितं भांडान हाय खरं," म्हणाला आणि कंदील उचलून ड्यूटीवर गेला.

शेजारच्या रतनबाईंनी भाकरी थापता थापता सांगितलं, "आमच्यात बरं हाय बगा. जाळलं की झालं. दगूड न्हाई, वचन न्हाई, भांडन न्हाई."

"तुमच्यात भाऊ भांडत नाहीत?"

"भांडत्यात की. बांधावरनं."

 रिबेका या सगळ्यात फक्त एवढंच म्हणाली, "खरं काय ते एकदा बोलून टाका म्हणजे सुटाल." बाबा गेले तेव्हा ती बाळंतपणाला नगरला माहेरी होती, म्हणजे तिला काही ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी त्या बाईनं हे वाक्य अशा आवाजात म्हटलं की मी त्या रात्री दोनच भाकऱ्या खाल्ल्या.

त्यातच आमच्या पुरुष मंडळाची मासिक सभा आली. दर महिन्याला एका सभासदानं निबंध वाचायचा अशी पद्धत, आणि मार्च महिना माझा होता. विषय सहा महिन्यांपूर्वी मीच सुचवलेला: 'कुटुंबातील कलह आणि ख्रिस्ती पुरुषाचा खरेपणा'. त्या वेळी तो दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडेल असा माझा अंदाज होता. निबंध चांगला झाला. घरात पुरुषानं आधी स्वतःची चूक कबूल करावी, खोटं बोलून मिळवलेला मान टिकत नाही, भावाशी वैर ठेवून प्रभुभोजनाला जाऊ नये, असे मुद्दे मी मांडले. त्या मुद्द्यांवर माझा अजूनही विश्वास आहे. ते दुसऱ्यांसाठी लिहिले होते, एवढंच.

निबंधानंतर प्रार्थना. आता आमच्याकडच्या प्रार्थनेबद्दल थोडं सांगायला हवं. ज्याला कुणाच्या तोंडावर एखादी गोष्ट बोलायचं धाडस होत नाही, तो ती प्रार्थनेत बोलतो. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माना खाली. प्रार्थना चालू असताना मध्ये तोंड घालता येत नाही, खुलासा करता येत नाही, आणि शेवटी ज्याची शोभा झाली त्यालाही आमेन म्हणावं लागतं. पोस्टातले बंधू थोरात उभे राहिले.

"हे प्रभू, आमचा बंधू फिलिप हट्टी आहे हे तू जाणतोस, आणि गुड्स ऑफिसातही सगळे जाणतात. त्याचा बाप बेवारस होऊ घातला आहे. त्यानं इतकं चांगलं लिहिलं, तसंच वागायचीही त्याला बुद्धी दे. पुनरुत्थानाच्या सणाच्या आत दे, कारण मुदत ३१ तारखेची आहे."

नंतर आणखी सात जणांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. एकानं माझ्या रागीटपणासाठी, एकानं रिबेकाच्या सोशिकपणासाठी, आणि एकानं मी त्याच्याकडून नेलेल्या छत्रीसाठी. आठव्या आमेननंतर मी उभा राहिलो आणि ईस्टरच्या सणाच्या आत प्रकरण मिटवतो असं जाहीर केलं. दुसरा मार्ग ठेवलाच कुठं होता?

मी पहिल्यांदा दगड घडवणाऱ्या नथूकडे गेलो. म्हटलं, दगड तरी तयार राहू दे. नथूनं मला झोपडीमागं नेलं. तिथं भिंतीला टेकून दोन काळे दगड उभे होते, दोन्ही घडलेले. दोन्हींवर बाबांचं नाव, दोन्हींवर त्याच दोन तारखा.

"ह्यो कुणाचा?" मी विचारलं. धक्का बसला की मी नथूसारखा बोलतो.

"ह्यो तुमचा, चार वर्सांमागं सांगून गेलतात त्यो. आन् ह्यो थोरल्यांचा. परवाच तयार हाय का बगून गेले. वचनाची जागा सोडलीया दोनींवर. पक्कं झालं म्हंजी टाकी लावतो."

"अरे, एका माणसाला दोन दगड?"

"दोन पोरं, दोन दगड. म्हनलं, तुमच्यात आसंच आसंल."

म्हणजे नोटीस वडगावलाही पोचली होती आणि दादा कामाला लागला होता. तो माझ्याआधी तिसरी साक्ष घेऊन खंडागळ्यांकडे पोचला, तर बाबांच्या डोक्याशी कायमचा मेंढपाळ उभा राहणार आणि सगळ्या मंडळीत मी खोटा ठरणार.

इथं वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना मला आनंद होत नाहीये. मी खोटा होतोच. बाबा गेले तेव्हा मी त्यांच्यापाशी नव्हतो. तीन आठवडे त्यांच्या उशाशी बसून मी विटलो होतो. त्या दुपारी त्यांना डोळा लागलेला दिसला, दादा घरात होता, म्हणून दहा मिनिटं मोकळ्या हवेत जाऊन येतो म्हणून निघालो आणि बाजारात गरम भज्यांचा घाणा निघाला होता तिथं थांबलो. एक पुडा खाल्ला, दुसरा घेतला. परत आलो तेव्हा बाबा गेले होते. लोकांनी विचारलं, शेवटी काय म्हणाले? माझ्या बोटांना तेल लागलेलं होतं. त्या बोटांनी मी काय सांगायला हवं होतं? सुचलं ते वचन सांगितलं. आणि सहा वर्षं मला एकच गोष्ट खात होती, की दादा घरात होता. म्हणजे बाबा खरोखर मेंढपाळाचं स्तोत्र म्हणाले असणार, दादानं ते ऐकलं असणार, आणि मी बापाचे खरे शब्द खोटे पाडतोय. माणूस चुकीचा असला की फार नेटानं भांडतो, हे मी अनुभवानं सांगतो.

तिसरी साक्ष एकाच माणसाची होऊ शकत होती. सावित्राबाई. डोंगरातल्या वाडीवरची ही बाई आम्हाला सरपण घालायची आणि बाबांच्या आजारात त्यांना पाणी पाजणं, अंथरूण झटकणं असलं काहीबाही करायची. त्या दुपारी ती घरात होती. आता ती बेडशाला लेकीकडे राहते असं कळलं. मी शनिवारची रजा टाकली. तिला काय सांगायचं ते मी गाडीत घोकत होतो. खोटं बोल असं मी सांगणार नव्हतो. फक्त शर्यतीचं वचन तिला दोनचार वेळा म्हणून दाखवणार होतो, म्हणजे तिला आठवायला सोपं जाईल.

कामशेतला उतरलो आणि अडीच-तीन कोस चालत निघालो. मार्चचं ऊन. बेडशाच्या शिवेवर पोचलो तेव्हा माझ्या कॉलरची चिंधी झाली होती. गावाबाहेरच्या आंब्याखाली एक उंच माणूस काळी छत्री मिटून घाम पुसत उभा होता. कोट, सोला हॅट आणि त्या हॅटखाली बाबांचं नाक. बार्नबादादा.

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही लगेच दुसरीकडे बघितलं. इतक्यात शेरडं घेऊन एक म्हातारा आला. हा सोपानआबा, गावातला शेतकरी, साठीच्या पुढचा, फार अगत्याचा माणूस. त्याच्यासारखी अगत्याची माणसं या देशात कमी असती तर बरं झालं असतं.

"कुनाकडं आलाव, पाव्हणं?" त्यानं दादाला विचारलं.

दादा हेडमास्तर माणूस, चाळीस वर्षं पोरांची खोटी कारणं ऐकण्यात गेलेली. पण स्वतःवर वेळ आल्यावर त्याला पोरांइतकंही नीट सुचलं नाही. त्यानं वर डोंगराकडे छत्री केली. "लेणी पाहायला."

"आन् तुमी?"

"मीही लेणी," मी म्हणालो.

"मंग चला की. म्या दावतो. दोगं बरूबरच."

"तुम्ही कशाला त्रास घेता? शेरडं आहेत," दादा म्हणाला.

"शेरडं ऱ्हात्यात हितं. पाव्हणं वाट चुकत्यात."

तर असं झालं, की भर दुपारी मी सेहेचाळीस वर्षांचा आणि दादा अठ्ठावन्न वर्षांचा, असे दोन ख्रिस्ती गृहस्थ, ज्यांना बुद्धाच्या लेण्यांशी काडीचं काम नव्हतं, एकमेकांशी एक शब्द न बोलता तो डोंगर चढायला लागलो. एक जण खरं बोलला असता तर दोघेही खाली सावलीत बसले असते. पाय घसरत होते. करवंदीच्या जाळीनं माझ्या धोतराची कड फाडली. दादा दर वीस पावलांवर थांबायचा आणि निसर्ग पाहतोय असं दाखवायचा. त्याच्या छातीचा भाता मला मागून ऐकू येत होता. सोपानआबा मात्र पुढं चालत अखंड बोलत होता.

"सोपानआबा," दादा धापा टाकत म्हणाला, "त्यांना विचारा, त्यांच्याकडे पाणी आहे का."

"आबा, त्यांना सांगा, आहे," मी म्हणालो आणि बाटली आबाच्या हातात दिली. आबानं ती दोन पावलांवर असलेल्या दादाच्या हातात दिली. दादा प्यायला. बाटली त्याच वाटेनं परत आली. आबानं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि पहिल्यांदाच गप्प झाला.

वर पोचलो. खांबांवरचे घोडे, हत्ती, त्यांच्यावर बसलेली माणसं आबानं दाखवली. आम्ही आत गारव्यात जाऊन बसलो, दोघं दोन भिंतींना टेकून. दादाचा चेहरा काळवंडला होता. मला भीती वाटली. बापाच्या दगडासाठी निघालो आणि भावाचा घालायची वेळ येते की काय असं मनात आलं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी वचन, अर्ज, रकाना सगळं माझ्या डोक्यातून गेलं. पण सहा वर्षं न बोललेल्या माणसाशी पहिला शब्द काय बोलायचा?

दादानं हॅट काढली, डोळे मिटले आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली.

"हे प्रभू," तो म्हणाला, "आम्हाला इथवर सुखरूप आणलंस म्हणून तुझे उपकार मानतो."

मीही मान खाली घातली. सवयच ती. सोपानआबानं पटका काढून हात जोडले.

"हे प्रभू, माझा धाकटा भाऊ इथं बसला आहे. तो बाबांच्या उशाशी होता. शेवटचे शब्द त्यानं ऐकले, आणि मी त्याला खोटं पाडलं. हे प्रभू, मी त्या वेळी मागच्या पडवीत झोपलो होतो. तीन रात्री जागलो होतो, पण ते कारण तुला सांगण्यात अर्थ नाही. मला सावित्राबाईनं हलवून उठवलं. थोरला मुलगा, हेडमास्तर, आणि बाप गेला तेव्हा तोंड उघडं टाकून घोरत होता, हे लोकांना कसं सांगू? म्हणून मेंढपाळाचं स्तोत्र सांगितलं. आज तिच्याकडून तेच वदवून घ्यायला आलो होतो. फिलिपचंच खरं होतं. मला क्षमा कर. आमेन."

प्रार्थनेत मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून मी थांबलो होतो. नाहीतर पहिल्याच वाक्याला ओरडलो असतो. आता माझी पाळी होती.

"हे प्रभू," मी म्हणालो. मग धोतराची फाटकी कड मुठीत धरली. "हे प्रभू, दादाला कळू दे की मी उशाशी नव्हतो. मला वाटत होतं, दादाच होता. मी बाजारात भजी खात होतो."

त्या लेण्यात आवाज फार घुमतो. मी तो शब्द दबक्या आवाजात म्हटला होता, पण छतापर्यंत जाऊन तो भजी भजी करत खाली आला. मी एक डोळा उघडला. दादाचे दोन्ही उघडे होते.

"किती खाल्लीस?" दादानं विचारलं. सहा वर्षांनंतर माझ्या भावानं माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"दीड पुडा."

"आणि मी सहा वर्षं रात्री उठून बसतोय, की आपण बापाच्या खऱ्या शब्दांवर बोळा फिरवला म्हणून."

"मीही," मी म्हणालो. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. दादा उठून माझ्या भिंतीशी येऊन बसला. सोपानआबानं पटका डोक्याला गुंडाळला.

"म्या बी यकदा आसा झोपलोतो," तो कुणाला उद्देशून नाही असं म्हणाला. "आई ग्येली तवा. चला खाली. सावित्राबाईकडं च्या घेऊ. तिच्याकडंच आलाव न्हवं?"

सावित्राबाई लेकीच्या अंगणात पाखडत बसली होती. आम्हाला दोघांना एकत्र बघून तिनं सूप खाली ठेवलं. दादानं सरळ विचारलं, "सावित्राबाई, बाबा शेवटी काही बोलले का गं?"

"बोलले की," ती म्हणाली. "म्या चुलीपाशी लाकडं रचीत व्हते. हाक मारली. म्हनले, सावित्रे, फिल्या आला म्हंजी त्याला सांग, मी त्याचीच वाट बघत व्हतो. म्या म्हनलं, सांगते. मंग जरा दम खाल्ला आन् म्हनले, बार्नबा उठला म्हंजी त्याला बी ह्येच सांग. पर दोगास्नी येगळं येगळं सांग. मंग दोन चमचे पानी घेतलं. तेवडंच."

दादा तिथंच अंगणात खाली बसला.

"मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"कवा सांगू? तुमी आलात हात पुशीत, हे उठले डोळं चोळीत. मान्सं जमली. तुमी दोगंबी शास्तर सांगाया लागलात. म्हनलं, मास्तर ह्यास्नी आदीच काय मोटं सांगून ग्येले आसत्याल. माजं तं साधंच व्हतं. आन् मंग कुनी इचारलंच न्हाई." तिनं सूप पुन्हा उचललं. "येगळं येगळं सांगायचं व्हतं. तुमी यकदमच आलाव, त्याला म्या काय करू?"

पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवशी, २७ मार्चला, आम्ही दोघं खंडागळ्यांच्या समोर बसलो. एकच अर्ज, तीन प्रतींत, दोघांच्या सह्या, सावित्राबाईचा अंगठा. सातव्या रकान्यात दादानं आपल्या हेडमास्तरी अक्षरात खरं ते सगळं लिहिलं होतं. अर्जदार त्या वेळी हजर नव्हते, हेही. कुठं होते, तेही. खंडागळ्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि परत वाचलं.

"दोघांना एकच निरोप," ते म्हणाले. "मग ते नक्की वाट कुणाची पाहत होते?"

"फिलिपची," दादा म्हणाला. "तो बाहेर गेलेला. मी घरातच होतो. घरातल्या माणसाची कुणी वाट बघत नाही."

"छे, दादाची," मी म्हणालो. "माझं नाव नुसतं आधी आलं. मनातलं माणूस शेवटी बोलतो."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"तुझा हट्टीपणा गेला नाही."

"तुमचा गेला?"

"गृहस्थहो," खंडागळे म्हणाले, "म्हणजे पुन्हा दोन अर्जच झाले." त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि सातव्या रकान्यावर लिहिलं: निर्णय होईपर्यंत वचनाची जागा मोकळी ठेवावी. मग तिन्ही प्रतींवर शिक्का मारला.

दगड त्याच दुपारी बसला. दादाचा. त्याची घडण जरा बरी होती, हे मान्य करायला मला आता लाज वाटत नाही. माझा नथूनं दादाच्या वडगावच्या घरी पोचवला, तिथं तो पालथा घालून त्यावर धुणं धुणार आहेत. दुसऱ्या दिवशी उपासनेत आम्ही दोघांनी उभं राहून सगळं सांगितलं. भज्यांच्या ठिकाणी बंधू थोरात हसले. त्यांच्यासाठी मी पुढच्या सभेत प्रार्थना करणार आहे.

संध्याकाळी दादाला गाडीवर पोचवायला गेलो. बाबा कुणाची वाट बघत होते यावरून स्टेशनापर्यंत आमचं जोरात चाललं होतं. फाटकाशी हौशीराम कंदील पुसत होता.

"सायेब, बोलाया लागलाव व्हय दोगं?"

"बोलतोय कुठं? भांडतोय," मी म्हणालो.

गाडी सुटेपर्यंत मी दादाला सांगत होतो की बाबा त्याचीच वाट बघत होते, आणि गाडी सुटल्यावरही तो खिडकीतून मान काढून नाही नाही करत होता. आता गाडी गेलीय, तर खरं सांगून टाकतो. ते माझीच वाट बघत होते. मला पक्कं ठाऊक आहे. वडगावच्या गाडीत बसून दादाही मनात हेच म्हणत असणार, तेही मला ठाऊक आहे. वेगळं वेगळं सांग, असं बाबा म्हणाले ते उगाच नाही.